दुकानातली रीतभात: बडोद्याच्या बाजारातील गिऱ्हाईक आणि गुमास्ता

दुकानात शिरताना, माल पाहताना, भाव करताना, पैसे देताना आणि दुकानातून निघताना दोन्ही बाजूंनी जे बोलावे-वागावे अशी अपेक्षा असते, तिला या लेखात आम्ही दुकानातली रीतभात म्हटले आहे. ही रीत कुठे लिहिलेली नसते. घरातल्या मोठ्यांबरोबर पिशवी धरून बाजारात जाता-जाता ती अंगात मुरते. पुढच्या पिढीची बरीचशी खरेदी मोबाईलवर होते आणि पिशवी धरून जाण्याची वेळच येत नाही. म्हणून बडोद्याच्या बाजारात जे पाहिले, जे टिकले आणि जे टिकावे असे वाटते, त्याची एकत्र नोंद असावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बाजार आणि त्याची दोन टोके

अठराव्या शतकात गायकवाडांबरोबर मराठी मंडळी बडोद्यात आली आणि दरबार, लष्कर, न्यायखाते, शाळा, दप्तर अशा नोकऱ्यांत स्थिरावली. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत (1875 ते 1939) हा नोकरदार वर्ग आणखी वाढला. 1949 साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, 1960 साली गुजरात राज्य झाले, तरी दांडिया बाजार, रावपुरा, शियाबाग, वाडी या भागांतली मराठी घरे राहिली. व्यापार मात्र प्रामुख्याने गुजराती वाणी, जैन, पटेल, बोहरी मंडळींच्या हाती होता. फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांनी वारसिया भागात वस्ती केली आणि बाजारात आपली जागा मिळवली.

परिणामी मांडवी, मंगळबाजार, घडियाळी पोळ, रावपुरा इथल्या दुकानांत गादीच्या एका बाजूला बहुधा गुजराती बोलणारा माणूस आणि दुसऱ्या बाजूला महिन्याच्या पगारावर घर चालवणारे मराठी कुटुंब, असे चित्र पिढ्यान्‌पिढ्या राहिले. दोन भाषा, दोन स्वभाव. त्यामुळे इथली रीतभात पुण्याच्या किंवा सुरतेच्या रीतीहून थोडी वेगळी घडली. पुण्याच्या दुकानदाराची थट्टा पुलंनी जगजाहीर केली. बडोद्याच्या मराठी माणसाला ती थट्टा कळते, पण त्याचा रोजचा अनुभव तसा नसतो. त्याला रोज ऐकू येते ते "आवो बेन, बेसो."

येणे, बसणे, निघणे

गुजराती दुकानदाराचे पहिले वाक्य मालाबद्दल नसते. 'आवो' आणि 'बेसो' हे दोन शब्द आधी येतात, मग पाण्याचा ग्लास येतो, आणि 'शुं बतावुं?' त्यानंतर. वैष्णव दुकानदार 'जय श्रीकृष्ण' म्हणतो, त्याला 'जय श्रीकृष्ण' असेच उत्तर द्यायचे. निघताना 'आवजो'. काही घेतले नाही तरी 'आवजो' म्हणायचेच असते, आणि दुकानदाराची खरी परीक्षा तिथेच होते.

'आवजो' आणि आपले 'या' किंवा 'येतो' हे एकाच जातीचे शब्द आहेत. 'जातो' म्हणायचे नाही, परत येण्याचा शब्द ठेवून निघायचे. दुकान 'बंद करणे' असेही जुनी माणसे म्हणत नाहीत. मराठीत दुकान 'वाढवतात', हिंदीतही 'दुकान बढ़ाना' म्हणतात. धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायची पद्धत आपल्याकडे आहे, आणि दुकानाच्या दारावर 'शुभ लाभ' लिहिलेले असते. दुकान ही कुणाची तरी रोजीरोटी आहे, तिथे अभद्र बोलू नये, हे भान या सर्व शब्दांमागे आहे. रात्री दुकान वाढवायच्या वेळी शिरून पंचवीस वस्तू काढायला लावू नयेत, हेही याच भानातले.

'वांधो नहीं' हा आणखी एक उपयोगी शब्दप्रयोग. 'वांधा' मराठीतही आहे, पण आपल्याकडे वांधे 'होतात'. गुजराती दुकानदार ते 'नाहीत' असे सांगून विषय संपवतो. सुटे नाहीत? वांधो नहीं, काले आपजो. रंग पसंत नाही? वांधो नहीं. या दोन शब्दांनी किती भांडणे टळत असतील याची मोजदाद नाही.

हाक कशी मारावी

इथे मात्र आम्ही मराठी मंडळींनी शेजाऱ्याकडून शिकण्यासारखे आहे. गुजरातीत नावाला 'भाई' किंवा 'बेन' लागल्याशिवाय हाक पुरी होत नाही. शेठ आपल्या नोकरालाही इतरांसमोर 'रमेशभाई' अशीच हाक मारतो. गिऱ्हाईक 'तमे' म्हणते. आमच्याकडे मालकाला 'अहो' आणि गादीवर साड्या उलगडणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला 'ए, तो निळा दाखव रे' असे दोन वेगळे सूर एकाच दुकानात, एकाच तोंडून निघताना ऐकू येतात.

एकेरी हाक मराठीत प्रेमाचीही असते, हे खरे. घरच्या दूधवाल्याला वीस वर्षांच्या ओळखीनंतर 'अरे' म्हणणे वेगळे. पण पहिल्यांदा पाहिलेल्या माणसाला 'अरे' म्हणताना त्यात प्रेम नसते, पायरी दाखवलेली असते. आणि ज्याला दाखवली त्याला ती बरोबर दिसते. भाऊ, दादा, काका, ताई, मावशी असे कितीतरी शब्द आपल्याकडे आहेत. नाव माहीत असेल तर 'भाई', 'बेन' लावावे, नसेल तर यातला एक शब्द घ्यावा. खर्च शून्य.

भाव, माप आणि भवानी

दिवसाच्या पहिल्या विक्रीला आपण 'भवानी' म्हणतो, गुजरातीत 'बोणी'. पहिल्या गिऱ्हाइकाने फार घासाघीस करून रिकाम्या हाताने परतू नये असा संकेत आहे. म्हणून ज्यांना नुसते पाहायचे आहे त्यांनी दुकान उघडताच न जाता थोडे उशिरा जावे. दुकानदारही भवानीच्या गिऱ्हाइकाला चार रुपये सोडून देतो, पण परत पाठवत नाही. याच 'बोणी' शब्दाचा गुजरातीत दुसरा अर्थ आहे: दिवाळीत, नव्या वर्षी कामाच्या माणसांना खुशीने दिली जाणारी रक्कम. दुकानाची पहिली कमाई आणि कामगाराची वर्षाची पहिली कमाई यांना एकच शब्द असावा, हे आम्हांला फार बोलके वाटते.

भाव करणे हा अपमान नव्हे. खंडेराव मार्केटमध्ये भाजी घेताना भाव होतोच. रीत एवढीच की, आपण सांगितलेला भाव समोरच्याने मान्य केला की मग माल घ्यायचा. तिथून पाठ फिरवणे ही मात्र वचनभंगाची गोष्ट. आणि जिथे भाव ठरलेला आहे अशा दुकानात पगारी कामगाराशी घासाघीस करू नये. तो अधिकार त्याच्याकडे नसतो. विचारायचे तर गल्ल्यावर विचारावे.

सणांचेही एक वेळापत्रक असते. मराठी घरात दिवाळीचा पाडवा हा साडेतीन मुहूर्तांतला, खरेदीचा दिवस. गुजरातेत मात्र पाडव्याला, म्हणजे त्यांच्या नव्या वर्षाच्या दिवशी, बरीच दुकाने बंद असतात आणि लाभपंचमीला मुहूर्त करून उघडतात. बाहेरगावाहून नव्याने आलेली मराठी कुटुंबे यावर नाराज होतात. पण दुकानात वर्षभर उभ्या असणाऱ्या माणसाला गावी जायला मिळणारे हेच चार दिवस असतात. पाडव्याची खरेदी धनत्रयोदशीपर्यंत उरकावी, हे बडोदेकर घरांना सांगावे लागत नाही.

खाते आणि शब्द

महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या घरांचे वाण्याकडे खाते असे. वही दोन ठिकाणी: एक दुकानात, एक घरात. सामान नेले की दोन्ही वह्यांत नोंद, पगार झाला की चुकता. कुणाची सही नाही, तारण नाही. आमच्यापैकी अनेकांची हयात बँकेत कर्जाची कागदपत्रे तपासण्यात गेली. एवढ्या कमी कागदावर एवढी नियमित वसुली बँकेत क्वचितच पाहायला मिळते.

उधार नाकारण्याचीही एक रीत होती. 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी, गुजरातीत 'आजे रोकडा, काले उधार', नकार हसत देते. 'उधारी बंद' या पाटीत आणि या पाटीत अर्थाचा फरक नाही, पण मागणाऱ्याचा चेहरा वाचतो.

खात्याचा खरा उपयोग अडचणीच्या दिवसांत कळतो. 8 नोव्हेंबर 2016 रोजी 500 आणि 1000 च्या नोटा बंद झाल्या, तेव्हा बँकांपुढे रांगा होत्या आणि घरात सुटे पैसे नव्हते. ओळखीच्या दुकानांनी वही पुन्हा उघडली. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा यादी फोनवर सांगून सामान दारात येत होते. त्या दिवसांत पिशवी घेऊन जिने चढणारा माणूस दुकानाचा मालक क्वचितच होता. तो मदतनीस होता.

गुमास्ता

फारसीतल्या 'गुमाश्ता' या शब्दाचा अर्थ नेमलेला माणूस. मराठीत गुमास्ता, गुजरातीत गुमास्तो. जुन्या पेढ्यांत वाणोतर माल दाखवी, मेहताजी वही लिही, आणि शेठ गल्ल्यावर बसे. दुकान व आस्थापना कायद्याला गुजरातेत आजही 'गुमास्ताधारो' म्हणतात आणि त्याखालच्या परवान्याला व्यापारी नुसते 'गुमास्ता' म्हणतात. मालक भिंतीवर चौकटीत जे लावतो त्याला नाव नोकराचे आहे, कारण कायदा मुळात त्याच्यासाठी होता.

1948 च्या मुंबई दुकान व आस्थापना कायद्याच्या जागी गुजरातेत 2019 साली नवा कायदा आला. 2019 च्या मूळ रूपात 10 किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानांना तो पूर्णपणे लागू होता. त्यानुसार दिवसाला 9 तास व आठवड्याला 48 तास ही कामाची मर्यादा, आठवड्याची एक सुट्टी, आणि सलग 5 तासांहून अधिक काम नको, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती, अशा तरतुदी त्या मूळ रूपात होत्या. जादा कामाला दुप्पट दर आहे. आपल्या बाजारातली पुष्कळ दुकाने 10 पेक्षा कमी माणसांची आहेत, हे लक्षात घेतले तर तिथल्या कामगाराचा दिवस बऱ्याच अंशी मालकाच्या भलेपणावर आणि गिऱ्हाइकाच्या समजूतदारपणावर चालतो.

केरळात कोझिकोडच्या कापड दुकानांतल्या स्त्रियांनी बसण्याच्या हक्कासाठी चळवळ केली. दिवसभर उभे राहायचे, गिऱ्हाईक नसतानाही टेकायचे नाही, अशी तिथे पद्धत होती. 2018 साली केरळने कायद्यात दुरुस्ती करून बसायला जागा देणे बंधनकारक केले. 2021 साली तमिळनाडूनेही तसे केले. गादीवरच्या जुन्या दुकानांत दाखवणारा आणि पाहणारा दोघेही बसत असत. काचेची कपाटे आणि काउंटर आल्यावर गिऱ्हाइकाला स्टूल मिळाले आणि कामगार उभा राहिला. गिऱ्हाईक आल्यावर एखादा कामगार बसल्या जागेवरून उठायला दोन क्षण लावत असेल, तर त्यात उद्धटपणाच असतो असे नाही. संध्याकाळचे सात वाजलेले असतात.

साडीच्या दुकानाचे वेगळे सांगायला हवे. चाळीस साड्या उलगडणे हा गिऱ्हाइकाचा हक्क मानला जातो, आणि दुकानेही तो नाकारत नाहीत. पण प्रत्येक उलगडलेली साडी पुन्हा त्याच घडीवर बसवावी लागते, आणि ते काम बहुधा दुकान वाढवल्यानंतर होते. बजेट आणि प्रसंग आधी सांगितले तर चाळिसाच्या पंधरा होतात. नको असलेली साडी बाजूला सरकवताना "सुंदर आहे, पण आम्हांला जरा फिकट हवी" असे म्हटले की दाखवणाऱ्यालाही पुढचा गठ्ठा कुठला काढायचा ते कळते.

ग्राहक राजा नव्हे

बँकांच्या भिंतींवर ग्राहकसेवेविषयीचा एक मजकूर महात्मा गांधींच्या नावाने अनेक वर्षे टांगलेला होता. ग्राहक हा कामातला अडथळा नसून कामाचे कारण आहे, असा त्याचा आशय. गांधीजींच्या समग्र लेखनात तो सापडत नाही. तशाच आशयाचा मजकूर 1940 च्या दशकात अमेरिकेतल्या व्यापारी नियतकालिकांत छापलेला आढळतो. आशय मात्र खोटा नाही. आमच्या पिढीने तो रोज वाचला, आणि काही अंशी पाळलाही.

परंतु 'ग्राहक राजा' ही घोषणा आम्हांला पुरती पटत नाही. राजा म्हटला की समोरचा सेवक ठरतो. पुण्यात 1974 साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली, ती ग्राहकाला शहाणा आणि संघटित करण्यासाठी. 1986 चा ग्राहक संरक्षण कायदा आणि त्याच्या जागी आलेला, 20 जुलै 2020 पासून अमलात असलेला 2019 चा कायदा, हे हक्क देतात. हुकूम करण्याचा परवाना देत नाहीत.

हक्क माहीत असले की आवाज चढवावा लागत नाही. म्हणून ते नेमके सांगतो. बिल न देणे ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास 30 दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीही तशीच. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीने सदोष मालाची जबाबदारी टळत नाही. मिठाई तोलताना खोक्याचे वजन मिठाईच्या भावाने धरता येत नाही. मात्र रंग आवडला नाही म्हणून माल बदलून देणे ही दुकानदाराची मर्जी आहे, तो आपला हक्क नव्हे. तिथे विनंतीचा सूर हवा.

तक्रार कुणाकडे करावी हेही महत्त्वाचे. नियम कामगाराने केलेले नसतात. त्याच्यावर ओरडून काहीच निष्पन्न होत नाही, उलट संध्याकाळी मालकाचीही बोलणी त्याला बसतात. बिल घेऊन गल्ल्यावर जावे, शांतपणे सांगावे. ऐकले नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी.

नोट, नाणे आणि मोबाईल

कॅशियरच्या हिशोबात तूट आली तर ती त्याला स्वतः भरावी लागते. बँकेत हे आम्ही जवळून पाहिले आहे, आणि अनेक दुकानांतही तीच पद्धत असते. म्हणून फाटकी नोट गर्दीत घडी घालून सरकवणे म्हणजे दुकानाला नव्हे, त्या मुलाला फसवणे होय. फाटक्या नोटा बँकेत बदलून मिळतात, तिथे न्याव्यात.

10 रुपयांचे नाणे अजून काही ठिकाणी नाकारले जाते. 2018 साली रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले की तोवर निघालेल्या सर्व 14 प्रकारांची नाणी वैध आहेत. 50 पैशांचे नाणेही वैध आहे. 25 पैसे आणि त्याखालची नाणी मात्र 30 जून 2011 नंतर चलनात नाहीत. सुट्ट्यांऐवजी चॉकलेट देणे गिऱ्हाइकाने मानायलाच हवे असे नाही, आणि सकाळी आठ वाजता 12 रुपयांच्या मालाला 500 ची नोट पुढे करणेही बरे नाही.

यूपीआय 2016 साली आले आणि सुट्ट्यांचा तंटा बराच मिटला. नवी रीत अशी: पैसे पाठवल्यावर स्क्रीन दाखवावी, दुकानातल्या डब्याचा आवाज येईपर्यंत थांबावे. खोट्या स्क्रीन दाखवून फसवण्याचे प्रकार घडतात. म्हणून कुणी 'जरा थांबा' म्हटले तर तो आपल्यावरचा अविश्वास समजू नये. आणि पैसे देताना, माल घेताना कानाला फोन नसावा. समोर माणूस उभा असतो.

ओळखीची किंमत

आमच्या मंडळींपैकी कितीतरी घरांत आज दोघेच, किंवा एकच माणूस आहे. मुले पुण्यात, बंगळुरूत, अमेरिकेत. अशा घरात रोज कोण येते, याचा विचार केला तर यादी छोटी निघते: दूधवाला, भाजीवाली, वाण्याकडचा मुलगा, औषधाच्या दुकानातला माणूस. काकूंनी दोन दिवस दूध घेतले नाही हे आधी त्यांना कळते. औषधवाला विचारतो, "काका, ब्लडप्रेशरची गोळी या महिन्यात नेली नाही?" हा प्रश्न कुठल्याही ॲपच्या सूचनेपेक्षा वेगळा आहे, कारण उत्तर ऐकायला समोर माणूस थांबलेला असतो.

ही ओळख आपोआप मिळत नाही. ती वर्षानुवर्षांच्या 'आवो' आणि 'आवजो' मधून, वेळेवर चुकत्या केलेल्या खात्यातून, उन्हात आलेल्या मुलाला दिलेल्या पाण्याच्या ग्लासातून साठते. आम्ही ऑनलाइन खरेदीच्या विरोधात नाही. जड सामान, दुर्मीळ पुस्तक, गुडघेदुखीने बाहेर पडता न येणे, अशा वेळी ती सोय मोठी आहे. पण महिन्याचे सगळेच सामान दहा रुपये वाचतात म्हणून मोबाईलवर मागवायचे, आणि रात्री अकरा वाजता गोळी हवी असली की कोपऱ्यावरच्या दुकानाने दार उघडावे अशी अपेक्षा धरायची, हा हिशोब जुळत नाही. काही खरेदी ओळखीच्या दुकानात ठेवावी. आणि माल घेऊन येणारा कुठल्या कंपनीचा असो, त्याला नाव विचारावे, पाणी विचारावे.

थोडक्यात

गिऱ्हाइकाने: कामगाराला भाऊ, ताई, काका म्हणावे. काय हवे आणि किती किमतीपर्यंत हवे ते आधी सांगावे. ठरलेल्या भावावर मागे फिरू नये. बिल घ्यावे आणि तक्रार मालकाकडे करावी. दिवाळीची बोणी द्यायची असेल तर मालकासमोर न देता ज्याची त्याच्या हातात द्यावी. काही घेतले नाही तरी 'येतो' म्हणून निघावे.

दुकानाने: आल्या माणसाला बसायला सांगावे. कपड्यांवरून खिशाचा अंदाज बांधू नये. नाही म्हणायचे तर हसून म्हणावे. वयस्कर गिऱ्हाइकाला हिशोब मोठ्याने, सावकाश वाचून दाखवावा. आणि आपल्या माणसाला गिऱ्हाइकादेखत बोलू नये. त्याला टेकायला एक स्टूल द्यावे.

घरातल्या नातवंडांना आठवड्यातून एकदा पिशवी घेऊन बाजारात न्यावे. बाकीचे ती पाहून शिकतील.